मांस खावं की नाही हे राहू द्या, आधी ते जनावर जगलं कसं ते बोलू

जुनाशेडवाला

पलीकडच्या धाग्यावर मांसाहारावरून जी जुंपली आहे ती वाचून हा वेगळा धागा काढतोय. तिथे दोनशेच्या वर प्रतिसाद झाले, पण एकाही प्रतिसादात जिवंत कोंबडी नाही. सगळ्यांच्या कोंबड्या एकदम सुरीखालीच अवतरतात.

मी ब्रॉयलरची, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांची, शेड चालवली, तीन वर्षं आणि वर काही महिने. करारावरचं काम होतं. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधं कंपनीची. शेड, वीज, पाणी, मजुरी आणि झोपमोड माझी. आता शेडमध्ये अडगळ पडली आहे. मांस मी सोडलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पाचव्या प्रतिसादात कुणीतरी ते उघडकीला आणणार.

पिल्लू येतं तेव्हा चाळीस-बेचाळीस ग्रॅमचं असतं. खोक्यातून काढताना चोच एकदा पाण्यात बुडवायची, म्हणजे पाणी कुठे आहे ते त्याला कळतं, आणि मग तुसावर सोडायचं. सहाव्या आठवड्यापर्यंत तेच पिल्लू दोन किलोंच्या वर जातं. पन्नास पट. आवाज मात्र पिल्लाचाच राहतो, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. दोन किलोंचा पांढराधोप पक्षी, छाती ही पुढे आलेली, आणि करतो काय, तर चिवचिव. सगळी शेड भरून हजारो दांडगे पक्षी चिवचिवतात. रात्री दिवा लावायला गेलो की तो आवाज विचित्र वाटायचा. तेव्हा कारण कळलं नव्हतं. अंगाने ते कोंबडे झालेले असतात, वयाने नाही.

चौथ्या आठवड्यानंतर सकाळची पहिली फेरी म्हणजे मेलेले आणि लंगडे वेचणं. मेलेला सोपा. लंगडा बसलेलाच असतो. तुम्ही जवळ गेलात की बाकीचे बाजूला सरतात, हा पंख टेकवत दोन पावलं जातो आणि परत बसतो. पाण्यापर्यंत पोचत नाही म्हणून सुकत जातो. त्याचं काय करायचं ते ठरलेलं असतं: काढून टाकायचा. मान कशी मोडायची ते सुपरवायझरने पहिल्या बॅचला करून दाखवलं. त्याला एक सेकंद लागला. मला पहिल्या खेपेला किती लागला ते लिहीत नाही.

मला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकतंय. तूस ओलं राहतंय, पडदे वेळेवर वर घेतले नाहीत, हवा कोंडतेय. काही अंशी चुकतही असेल. मग बऱ्याच उशिरा वाचनात आलं की ब्रिटनमध्ये ५१,००० ब्रॉयलरांची चाल तपासली होती, अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. साधारण चाळिसाव्या दिवशी २७.६ टक्के पक्ष्यांची चाल वाईट होती आणि ३.३ टक्क्यांना जवळपास चालताच येत नव्हतं. आणि हे कधी, तर फार लंगडे आधीच वेचून काढलेले असताना.

त्याच्याआधीचा, २००० सालचा, एक प्रयोग तर डोक्यातून जातच नाही. पक्ष्यांपुढे दोन रंगांचं खाद्य ठेवलं. एक साधं, एकात वेदनाशामक मिसळलेलं. लंगडे पक्षी औषधवालं खाद्य जास्त खायला लागले. आणि ज्याचा पाय जितका वाईट, तो ते तितकं जास्त खात होता.

म्हणजे कोंबडीला दुखतं का, हा प्रश्न कोंबडीलाच विचारला आणि तिने उत्तर दिलं. माझ्या शेडमध्ये ती दुसऱ्या रंगाची थाळी नव्हती, एवढाच काय तो फरक.

माझं म्हणणं एवढंच. मारणं हे काही सेकंदांचं, फार तर मिनिटाचं काम. त्याआधीचे शेवटचे पंधरा दिवस त्या पायांवर काढायचे असतात. आपण भांडतो ते त्या मिनिटाबद्दल. मारावं की नाही यावर एकमत व्हायला अजून हजार वर्षं लागतील, तोवर जे जिवंत आहेत त्यांच्याबद्दल बोलायला दोन छावण्या कशाला हव्यात? दगड मारायचे असतील तर मारा, पण शेडमध्ये येऊन मारा.

तिरकस

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. 'झाडांनाही जीव असतो' किती मिनिटांत येतंय ते बघू.

मिरमिरे

घ्या, खास तुमच्यासाठी: झाडांनाही जीव असतो. दिवे घ्या, म्हणजे हलकं घ्या.

थट्टा सोडून. जुशे, फार प्रामाणिक लिहिलंय. पण भाजी-भाकरी खाणाऱ्याच्या ताटातही रक्त असतंच. नांगराखाली, कापणीच्या यंत्राखाली उंदीर, साप, घरट्यातली पिल्लं मरतात. धान्य साठवायचं म्हणजे घुशी मारणं आलं. शून्य हत्येचं ताट कुणाचंच नाही. मग रेषा ओढायची कुठे, आणि ओढणारे आपण कोण?

अर्धविराम

मिरमिरे, कापणीत जीव जातात हे खरं, पण गणित अर्ध्यावर सोडू नका. कोंबडीचं एक किलो वजन वाढायला दीड-पावणेदोन किलो खाद्य लागतं, डुकराला त्याहून जास्त, गुरांना कितीतरी पट. ते खाद्य पिकतं तेही शेतातच, आणि त्या शेतातही तेच यंत्र फिरतं. २०१८ साली ११९ देशांतल्या सुमारे ३८,००० शेतांची माहिती एकत्र करून एक मोठा अभ्यास झाला. त्यात मांस, दूध, अंडी आणि मत्स्यपालन मिळून शेतीखालच्या जमिनीपैकी ८३ टक्के जमीन वापरतात आणि उष्मांक देतात १८ टक्के, असं निघालं. यातली बरीचशी जमीन कुरणांची आहे, तिथे दुसरं काही पिकणार नाही, हेही मान्य. पण उंदरांची खरंच कणव आली असेल तर वाट मांसाकडे वळत नाही, उलटीच जाते.

जुनाशेडवाल्यांशी माझा वाद वेगळा आहे. जरा वेळ मिळाला की लिहिते.

निर्मळा

लेख वाचवेना, तरी शेवटपर्यंत वाचला. मी जन्मापासून शाकाहारी आहे. घरात दूध-दही असतं, मुलाच्या वाढीसाठी गेल्या दोन वर्षांपासून अंडी आणते, तीही न फळलेली. आमच्यासाठी कुणाचा जीव जात नाही, त्यामुळे या धाग्यात मी फक्त श्रोता. पण तुम्ही हे सगळं बघूनही मांस खाता, याचं आश्चर्य वाटलं. राग मानू नका.

खडूस

पोट भरलेल्यांचे प्रश्न आहेत हे सगळे.

डॉ_खूर

पशुवैद्यक आहे, वीस वर्षं याच क्षेत्रात काढली आहेत. मोबाइलवरून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

निर्मळाताई, तुमच्या भावनेचा अनादर नाही, पण 'कुणाचा जीव जात नाही' एवढं वाक्य मागे घ्यावं लागेल. अंड्याची कोंबडी आणि मांसाची कोंबडी या आता दोन वेगळ्या जाती आहेत. अंड्याच्या जातीचा नर अंडी देत नाही आणि त्याच्या अंगावर मांसही धरत नाही. त्याला खाऊ घालणं कुणालाच परवडत नाही. उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी पिल्लांची निवड होते. मादी एका पट्ट्यावर, नर दुसऱ्या. दुसऱ्या पट्ट्याच्या शेवटी यंत्राची पाती असतात, नाहीतर वायूची पेटी. जगभरात वर्षाला सातएक अब्ज नर पिल्लं अशी जातात असा अंदाज सांगितला जातो. जर्मनीने २०२२ पासून यावर बंदी घातली. आता तिथे अंड्यातच नर-मादी ओळखायची तंत्रं वापरतात. तुमचं अंडं फळलेलं नव्हतं हे बरोबर, पण ते देणाऱ्या कोंबडीला एक भाऊ होता.

तिचं स्वतःचं म्हणाल तर, तिची रानातली मूळ जात वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. ही तीनशेच्या आसपास घालते. प्रत्येक कवचाला कॅल्शियम लागतं, खाद्यातून पुरेसं आलं नाही की ते हाडांतून जातं. अंडी उतरल्यावर काढलेल्या कोंबड्या हातात घेतल्या की हाड बोटाखाली कधी मोडेल सांगता येत नाही. मी मोडलेलं आहे. लस टोचण्यासाठी पकडली होती, बस्स.

पिंजऱ्याबद्दल. युरोपीय संघाने साधे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. त्याआधी तिथे किमान जागा होती कोंबडीमागे ५५० चौरस सेंटिमीटर. छपाईचा ए-४ कागद ६२३ भरतो. म्हणजे कागदाची एक कड दुमडा, उरला त्यात उभी राहा, दीड वर्ष. जगात कितीतरी ठिकाणी आजही याहून कमी जागा मिळते.

आता माझा आवडता किस्सा. ब्रिटनमध्ये १९६४ साली रूथ हॅरिसन यांचं यंत्रवत पशुपालनावरचं पुस्तक आलं आणि एवढा गदारोळ झाला की सरकारला समिती नेमावी लागली. ब्रॅम्बेल समिती, अहवाल १९६५ चा. जनावराला उभं राहता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत ही किमान अट तिने घातली. (किती कमी मागणी आहे बघा. आणि तीही भारी वाटली लोकांना.) त्याच समितीने म्हटलं होतं की पिंजऱ्याच्या तळाला बारीक षटकोनी जाळी नको, पायाला टोचत असेल, जाड तारेची चौकोनी जाळी बरी. सात-आठ वर्षांनी दोन संशोधकांनी कोंबड्यांनाच निवडू दिलं. कोंबड्यांनी बारीक जाळी निवडली! जाळी बारीक असली की पावलाला जास्त ठिकाणी आधार मिळतो. शहाण्यासुरत्या, दयाळू माणसांचा अंदाज साफ उलटा निघाला.

तेव्हापासून मी 'बिचारी दुःखी दिसते' असं कुणी म्हणालं की विचारतो, कशावरून? आणि 'मजेत आहे' म्हणालं तरी तेच विचारतो.

धूळ न्हाणं बघितलंय कुणी? कोंबडी मातीत बसते, पंख पसरून धूळ अंगावर उडवते, पिसांतून झिरपू देते आणि मग झटकते. पिंजऱ्यात माती नसते. तरी ती तारेवर बसते आणि सगळ्या हालचाली करते. नसलेली धूळ अंगावर घेते. नवीन मुलं प्रशिक्षणाला आली की मी त्यांना ते दाखवत असे. कुणी हसायचं, मग गप्प व्हायचं.

मात्र मोकळं सोडलं की सगळं सुरळीत, असंही समजू नका. मोठ्या मोकळ्या शेडमध्ये एकमेकींना टोचून मारण्याचे प्रकार होतात, उंच फळ्यांवरून उतरताना छातीचं हाड मोडतं, जंत वाढतात. पिंजरा उघडला म्हणून वंश बदलत नाही.

दुधाचंही थोडक्यात. गाय व्यायल्याशिवाय दूध नाही. व्याली की वासरू आलं, त्यात निम्मे नर. मोठ्या डेअऱ्यांत वासरू काही तासांत, फार तर काही दिवसांत वेगळं काढतात. वीस वर्षं जगू शकणारी गाय पाच-सहा वर्षांत दूध कमी पडलं, पाय गेला किंवा गाभण राहिली नाही म्हणून काढली जाते. ती कुठे जाते ते सांगायला नको.

निर्मळा

डॉक्टर, भावाचं वाक्य लागलं. मागे घेते मी माझं. उत्तर मात्र सुचत नाहीये.

रानवारा

माशांचं कुणीच काढत नाही. ट्राउटच्या ओठांत आम्ल टोचलं तर ते तळाच्या खड्यांवर ओठ घासतात, खाणं टाकतात, आणि मॉर्फिन दिलं की हे कमी होतं. हे २००३ सालचं. पण मासा ओरडत नाही ना, त्यामुळे त्याचा धागा निघत नाही.

तिरकस

@रानवारा, काढा की तुम्ही. नाव सुचवतो: 'पाण्यात राहून'.

खडूस

एका ओळीत लिहिलं म्हणून दोघांनी व्यक्तिगत संदेशातून झापलं, आता सविस्तर लिहितो.

प्राण्याला जागा द्या, हळू वाढणारी जात घ्या, मोकळं सोडा. उत्तम. पैसे कोण देणार? शेडवाला तर नाहीच देऊ शकत. जुनाशेडवाल्यांनी हिशोब मांडला नाही, मीच विचारतो: लंगडा पक्षी तुम्ही काढून टाकलात तो दयेपोटी, की तो खाद्य खातो आणि वजन देत नाही म्हणून? कंपनी तुम्हाला किती खाद्यात किती वजन निघालं यावर पैसे देत होती ना? मग नीतीची परीक्षा साखळीतल्या सगळ्यांत अशक्त माणसाची का घ्यायची? आणि ज्याला आठवड्यातून एकदा अंडं मिळतं त्याला पिंजऱ्याचं क्षेत्रफळ सांगायला मी तरी जाणार नाही.

जुनाशेडवाला

खडूसकाका, बरोबर जागी बोट ठेवलंत. दोन्हीसाठी काढायचो. कुठल्यासाठी किती, याचा हिशोब मांडायला आजही जमत नाही. बॅच शेवटाला आली की दिवसाला एक लंगडा पक्षीही हिशोबात दिसतो. तसा तो दिसावा अशीच रचना असते. मी लंगडा आणखी तीन दिवस ठेवला तर माझं नुकसान. तिसऱ्या दिवशी तो उठून चालायला लागला तर मात्र फायदा. त्यामुळे बघू उद्या, बघू उद्या करत ठेवलेलेही आहेत. ती दया नव्हती, आशा होती. तीही माझ्या फायद्याची.

आणि पाय माझ्या शेडमध्ये बिघडले नव्हते, ते तसेच आले होते. कॅनडात एक तुलना झाली आहे. १९५७ सालच्या ब्रॉयलरचा जतन करून ठेवलेला वंश आणि २००५ सालचा वंश, दोघांना एकच खाद्य, एकच व्यवस्था. छप्पन्नाव्या दिवशी जुना पक्षी भरला ९०५ ग्रॅम, नवा ४,२०२. खाद्य तेच, शेड तीच, फरक फक्त अंड्याच्या आतला. हे ठरवणाऱ्या प्रजनन कंपन्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. मी मान मोडत होतो, त्या पक्ष्याचं भवितव्य मात्र चार पिढ्या आधी, तिसऱ्याच कुणाच्या संगणकावर ठरलेलं होतं.

अजून एक, जे मलाही शेड बंद केल्यावर कळलं. या पक्ष्यांचे आईबाप. त्यांना वर्षभर जगवायचं असतं, पिल्लं काढायची असतात. पण पोटभर खाऊ दिलं तर त्याच वंशामुळे ते वजनाने लंगडे होतात, हृदय बंद पडून मरतात. म्हणून वाढीच्या वयात त्यांना मोजून खाद्य देतात, स्वतःहून खाल्लं असतं त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे पोरं अतिवजनाने बसलेली आणि आईबाप आयुष्यभर भुकेले. डॉक्टर, चुकत असेन तर सांगा.

डॉ_खूर

चुकत नाही. खाद्य पडायच्या वेळी त्या शेडमध्ये उभं राहून बघा एकदा. रोज एकदा पडतं, काही ठिकाणी तर एक दिवसाआड. काही मिनिटांत चट्टामट्टा होतो, मग दिवसभर रिकामं भांडं टोचत बसतात.

मिरमिरे

एक नवीन गोची टाकतो. हवामानासाठी मोठ्या जनावराचं मांस सोडा, कोंबडी खा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. हवेच्या हिशोबाने तो योग्यच आहे. पण एका मोठ्या जनावरातून दोन-अडीचशे किलो मांस निघतं, तेवढ्याला कोंबड्या लागतील शंभराच्या वर. जगात वर्षाला तीस कोटींच्या आसपास गुरं कापली जातात, कोंबड्या सत्तर अब्जांहून जास्त. म्हणजे मी पृथ्वीचं भलं करायला गेलो की दुःखाची डोकी शंभरपट वाढवतो, तीही जुशेंनी वर्णन केलेल्या पायांची. हळू वाढणारी कोंबडी घेतली तर खाद्य जास्त, जमीन जास्त, परत हवेचं गणित बिघडलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तिरकस

प्रयोगशाळेतलं मांस आणा म्हणजे झालं. सिंगापूरने २०२० मध्येच विक्रीला परवानगी दिली. इटलीने २०२३ मध्ये बंदी घातली, म्हणजे नक्कीच काहीतरी चांगलं असणार.

अर्धविराम

आले परत. जुनाशेडवाल्यांशी वाद घालायचा राहिला होता.

तुम्ही म्हणता मारण्याचा प्रश्न बाजूला ठेवू, जगण्याचं बोलू. वाटतं समंजस, पण ही वाट फार जुनी आहे आणि कुठे जाते तेही माहीत आहे. प्राण्यांची बाजू मांडताना ज्याला सगळे पुढे करतात तो इंग्रज तत्त्वज्ञ बेंथम. प्रश्न त्यांना विचार करता येतो का हा नाही, बोलता येतं का हाही नाही, त्यांना दुःख होतं का हा आहे, असं त्याने १७८९ मध्ये पुस्तकातल्या एका तळटीपेत छापलं. लोक विसरतात ते हे, की त्याच तळटीपेत तो म्हणतो, आपण त्यांना खायला हरकत नाही. त्यांना पुढचं भविष्य दिसत नाही, आणि निसर्गात आलं असतं त्यापेक्षा आपल्या हातून येणारं मरण लवकर येतं आणि कमी दुखतं. म्हणजे तुमचाच मुद्दा. नीट जगवा, पटकन मारा.

मला हे पटत नाही. माझ्या घरी एक म्हातारी मांजर होती. तिला खायला-प्यायला, ऊन-पांघरूण सगळं मिळत होतं. समजा तिच्या तिसऱ्या वर्षी, ती उन्हात झोपलेली असताना, कुणी तिला कळूही न देता मारलं असतं, तर तिला दुःख झालं नसतं. तरी तिचं काही हिरावलं गेलं असतंच ना? पुढची चौदा वर्षं तिची होती. टॉम रीगन या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८३ मध्ये हीच बाजू घेतली: ज्याला स्वतःचं असं आयुष्य आहे तो दुसऱ्याच्या सोयीचं साधन नाही. जागा वाढवून, सुरी धारदार करून हा हिशोब मिटत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की आपण खाल्लं नसतं तर ते जन्मालाच आलं नसतं, म्हणजे आपण उपकारच करतो. हेन्री सॉल्ट या इंग्रज लेखकाने शंभर वर्षांमागे याला कोठीघरातलं तर्कशास्त्र म्हणून हिणवलं होतं. जन्माला न आलेल्या कुणावर उपकार होत नाहीत, आणि जन्माला घातलं म्हणून मारायचा हक्क मिळत असेल तर आईबापांपासून सगळ्यांनीच जपून राहावं.

'जगलं कसं' हा प्रश्न महत्त्वाचा नाही असं मी म्हणत नाही. पण त्याचा एक धोका दिसतो. पाकिटावर हिरवं शेत आणि हसरी कोंबडी छापली की खाणाऱ्याचं मन निवतं, आणि पाकीट आधीपेक्षा जास्त खपतं.

जुनाशेडवाला

अर्धविरामताई, मांजरीवर मला उत्तर नाही. चौदा वर्षं तिची होती, मान्य.

पण माझ्या शेडमधल्या पक्ष्याला पुढची चौदा वर्षं नव्हतीच. मी मारलं नसतं तरी नव्हती. त्याच्याकडून आयुष्य हिरावलं गेलं ते सुरीने नाही, सुरीच्या कितीतरी आधी. म्हणून मी मारण्याला दुय्यम म्हणतो. तुमच्या मांजरीचं मरण हा अन्याय ठरतो, कारण तिचं जगणं चांगलं होतं. यांच्या बाबतीत मरणावर वाद घालण्याइतकं जगणंच दिलेलं नाही.

पाकिटावरच्या हसऱ्या कोंबडीबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. माझ्याही शेडच्या फाटकावर एक रंगवलेली होती. लाल तुरा, बाकदार शेपूट, गवतात उभी. आमच्याकडचा एकही पक्षी त्या वयाला पोचला नाही.

निर्मळा

एक विचारू? शेड बंद का केलीत? त्रास होणार असेल तर नका लिहू.

जुनाशेडवाला

त्रास कसला. तात्त्विक कारणाने बंद केली असं लिहायला आवडलं असतं, पण नाही. कर्ज फिटलं आणि त्याच वेळी कंपनीने नवीन पंखे, नवीन ड्रिंकर घालायला सांगितलं. म्हणजे परत कर्ज. नको म्हटलं.

शेवटच्या बॅचचं लिहितो पण. पक्षी रात्री उचलतात, निळ्या दिव्यात. निळ्या उजेडात त्यांना नीट दिसत नाही, शांत बसतात. उचलणारी मुलं एका हातात चार-चार पक्षी पायाला धरून उलटे नेतात आणि क्रेटमध्ये भरतात. ज्या पायांवर त्यांना उभं राहता येत नव्हतं त्याच पायांना धरून. पहाटे गाडी गेली. उजाडल्यावर बघतो तर फीडरच्या ओळीमागे एक राहिलेला. लंगडा होता म्हणून टाकला की नजरेतून सुटला, माहीत नाही.

तो मी ठेवला. दयाबिया काही नाही, शेडमध्ये अचानक सामसूम झाली होती. पोटभर खाऊ दिलं तर पंधरा दिवसांत बसेल हे डॉक्टरांनी सांगितलं होतं (आमच्याकडचे, हे नव्हेत), म्हणून खाद्य मोजून द्यायला लागलो. सकाळी एक वाटी. त्यामुळे पाय सुधारला, थोडा फेंगडा, पण चालायचा. आणि दिवसभर माझ्या मागे. मी दिसलो की पंख फैलावून डुलत डुलत यायचा. घरच्यांना वाटायचं लळा लागलाय. मला माहीत होतं, त्याला भूक लागलेली असायची. चोवीस तास.

अर्धविरामताई, तुम्हाला विचारायचं राहिलं. त्याला मी उपाशी ठेवून जगवला. पोटभर घातलं असतं तर मेला असता. यातलं बरोबर काय होतं?

अर्धविराम

माहीत नाही, जुशे. खरंच नाही माहीत. तुम्ही त्याला मारला नाहीत याचा मला आनंद झाला, आणि मग वाटीपर्यंत आले आणि तो आनंद गेला.

डॉ_खूर

नर होता का? किती टिकला?

जुनाशेडवाला

नर. साडेतीन-चार महिने. एका दुपारी पाण्याच्या भांड्यापाशी पडलेला सापडला, हृदय असणार.

बाराव्या आठवड्याच्या सुमारास त्याचा आवाज बदलला होता. चिवचिव गेली. एका पहाटे उठून बाहेर आलो तर आरवायचा प्रयत्न करत होता. घोगरा, निम्म्यातच तुटायचा. परत मान वर करायचा, परत तिथेच तुटायचा. तीन वर्षांत माझ्या शेडमध्ये ऐकलेलं ते पहिलं आरवणं.